दर्शनानंतरचे दिवस

गेल्या तीस-बत्तीस वर्षांत सास्तूरला आम्ही किती वेळा गेलो याची मोजदाद आम्ही ठेवलेली नाही. तेव्हाचा उमरगा तालुका, आताचा लोहारा. तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, आताचा धाराशिव. नावे पालटली, गावही जुनी जागा सोडून नव्या जागी वसले; परंतु तेरणेच्या त्या खोऱ्यात शिरताना आमच्या मनात अजूनही 1993 चा ऑक्टोबर उभा राहतो. आपल्या लोकांची घरे तेथे बोटांवर मोजण्याइतकी. त्यांपैकी एका घरातून 2024 च्या जानेवारीत आम्हांस दूरध्वनी आला.

"फादर, पोरगं गोव्याहून आल्यापासून घरात झोपंना झालंय. काय तरी बगितलं म्हनतंय. तुमी एकदा येऊन जावा."

बोलणारी मुलाची आजी होती. पुढे जे लिहीत आहोत ते तिच्या आणि तिच्या नातवाच्या संमतीने लिहीत आहोत. त्यातील एकही शब्द प्रायश्चित्त संस्कारात ऐकलेला नाही, आणि कुटुंब ओळखू येईल अशा खुणा आम्ही मुद्दाम पुसल्या आहेत.

आजीची व आमची पहिली भेट भूकंपानंतरच्या आठवड्यातली. आम्ही त्या वर्षी पुण्याच्या सेमिनरीत शिकत होतो. 30 सप्टेंबरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी धरणी हलली. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेले. माणसे थकून, दगडमातीच्या जाड भिंतींच्या आणि डोक्यावर मातीचा भार घेतलेल्या माळवदाच्या घरांत गाढ झोपलेली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत मिळून जवळजवळ आठ हजार माणसे गेली. आम्ही काही विद्यार्थी मदतकार्यास गेलो, तेव्हा पाऊस पडत होता, चितांचा धूर खाली बसत होता, आणि आमच्या हाती घोंगड्या व बिस्किटांचे पुडे याखेरीज काही नव्हते. म्हणजे आणखी एक गोष्ट होती: सेमिनरीत शिकलेली उत्तरे.

पत्र्याच्या एका शेडमध्ये पस्तिशीची एक बाई बसली होती. नऊ आणि सहा वर्षांची तिची दोन मुले घरात गाडली गेली होती; थोरला मुलगा शेतावर राखणीला होता म्हणून वाचला. ती स्वतः चार तास ढिगाऱ्याखाली होती. आमचा हात धरून तिने सांगावयास सुरुवात केली. आधी जमिनीच्या पोटातून आगगाडीसारखा आवाज आला. मग काळोख. तोंडात माती. आणि मग, त्या काळोखात, पांढरे लुगडे नेसलेली कोणी बाई उशाशी येऊन बसली व हातावर हात ठेवून राहिली. बाहेरून फावड्यांचा आवाज येईपर्यंत ती उठली नाही.

आम्ही तेवीस वर्षांचे होतो. आम्ही लगेच म्हणालो, "ती पवित्र मरिया असणार, काकू. देवाने तुम्हांला राखले." त्यावर ती आमच्याकडे बघत म्हणाली, "मग ती माझ्या लेकरांच्या उशाशी का न्हाई बसली?"

आम्ही घोंगडी तिच्यापुढे ठेवली आणि पुढच्या शेडकडे वळलो. त्या बाईने ही हकिकत पुढे तीस वर्षे कोणास सांगितली नाही, हे आम्हांस 2024 मध्ये कळले.

आता नातवाविषयी. तो पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण घेत होता. हुशार, थोडा अबोल. 2023 च्या डिसेंबरात मित्रांबरोबर गोव्यास गेला. तेथे समुद्रकाठी कोणी तरी नखाएवढा कागदाचा चौकोनी तुकडा जिभेवर ठेवावयास दिला. तो एलएसडी होता, निदान देणाऱ्याने तसे सांगितले. प्रथम सर्व गोड होते: लाटा श्वास घेत होत्या, वाळूचा कण न् कण जिवंत होता. सूर्य मावळल्यावर मात्र त्याच्या छातीवर ओझे आले. तोंडात माती भरल्यासारखे झाले. आपण मेलो आहोत आणि कायमचे जमिनीखाली आहोत, अशी त्याची खात्री पटली. मित्र घाबरले; त्यांनी गाणी मोठ्याने लावली, तोंडावर पाणी मारले, तो आणखी खोल गेला. किती वेळ गेला ते ठाऊक नाही. मग कोणी तरी त्याचा हात धरून त्याला वर ओढले, आणि असा उजेड झाला की त्याचे वर्णन करताना तो आजही थांबतो.

घरी आला तो बदललेला. स्लॅबखाली झोपेना. हलणाऱ्या वस्तूमागे रंगाची शेपटी दिसे. महाविद्यालय सोडले. "मला परत पाठवलंय, पण कशासाठी ते कळत नाही," एवढेच म्हणे. वडिलांना बाहेरची बाधा वाटली. आमच्या हातून काही मंत्रविधी व्हावा, अशी त्यांची अपेक्षा होती. अपदूत काढण्याचा विधी कोणाही धर्मगुरूने आपल्या मनाने करावयाचा नसतो. धर्मसंहितेच्या 1172 व्या कलमानुसार त्यास बिशपांची स्पष्ट परवानगी लागते. हे आम्ही त्यांना समजावले आणि मुलास घेऊन अंगणातल्या लिंबाखाली बसलो.

तेथे आम्ही काय केले? तेच, जे 1993 मध्ये केले होते. फक्त उत्तर निराळे होते. अमली पदार्थ हे पाप कसे, 1985 च्या कायद्याने त्यास शिक्षा काय, आईबापांच्या कष्टांचे काय, असे सर्व सांगून झाले. जपमाळ हाती दिली. "जे झाले ते विसर, पापनिवेदन कर आणि अभ्यासाला लाग," असा समारोप केला. मुलाने मान खाली घालून सारे ऐकले. मग म्हणाला, "फादर, विसरायचं कसं, तेवढं सांगा."

त्या रात्री धर्मगुरुनिवासात परतल्यावर आम्हांस झोप लागली नाही. आमचे बोलणे खोटे नव्हते. तरीही त्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यात कोठेच नव्हते.

सेमिनरीतील आमचे एक वर्गबंधू मानसशास्त्राचे अध्यापन करतात. त्यांना विचारता त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. पहिली, मुलास आधी मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. कारण घराण्यात स्किझोफ्रेनियाचा किंवा उन्माद-नैराश्याचा आजार असेल तर अशा द्रव्याने तो उफाळून येऊ शकतो, आणि त्यास औषधच लागते, प्रवचन नव्हे. दुसरी, हा आजार नाही असे ठरले तरी काम संपत नाही. अशा अनुभवानंतर माणसास सावरण्याची एक स्वतंत्र उपचारपद्धती आता रुळू लागली आहे. इंग्रजीत तीस इंटिग्रेशन म्हणतात. मराठीत कोणी एकात्मीकरण म्हणतील. आम्हांस मात्र आपला साधा शब्द बरा वाटतो: अनुभव पचवणे.

सोलापुरातील तज्ज्ञांनी मुलास तपासले, वेडाचे लक्षण नाही असे सांगितले, झोपेसाठी काही दिवसांचे औषध दिले आणि महिन्याने पुन्हा बोलावले. दरम्यान आम्ही वाचीत राहिलो. पन्नाशी ओलांडलेल्या धर्मगुरूने एलएसडीवरील पुस्तके मागवलेली पाहून आमच्या मदतनीस धर्मगुरूंच्या भुवया वर गेल्या, ते असो.

या द्रव्यांना सायकेडेलिक म्हणतात. हंफ्री ऑस्मंड या मनोविकारतज्ज्ञाने 1950 च्या दशकात घडवलेल्या त्या शब्दाचा अर्थ मनाला प्रकट करणारे असा. दारू मनावर झाकण घालते, ही द्रव्ये झाकण काढतात, असा त्यामागचा विचार. आल्बर्ट हॉफमन यांनी एलएसडी 1938 मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे तयार केले आणि 19 एप्रिल 1943 रोजी स्वतःवर त्याचा प्रयोग केला. मात्रा होती 250 मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा चार हजारावा भाग. सायकलवरून घरी जाताना त्यांस जग वितळताना दिसले. दूध घेऊन आलेली शेजारीण चेटकीण वाटली. आपण मरतो आहोत असे वाटले. या कथेतील एक गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते, ती अशी की त्यांच्याबरोबर प्रयोगशाळेतील सहायिका दुसऱ्या सायकलवर होती, आणि घरी डॉक्टर येऊन उशाशी बसला. सकाळी बाग पावसाने धुतल्यासारखी दिसली, असे हॉफमननी लिहून ठेवले आहे. सास्तूरच्या मुलाच्या उशाशी मात्र कर्णा लावलेला होता.

दुसरी हकिकत आपल्याच धर्मातील एका बाईची. मेक्सिकोतील ओअहाका प्रांतात हुआउत्ला नावाच्या डोंगरी गावात मारिया साबिना ही मासातेक जमातीची बाई राहत असे. ती कॅथलिक होती, धर्मग्रामातील भगिनीमंडळाची सदस्य होती. आणि रात्री मेणबत्त्यांच्या उजेडात, संतांची नावे घेत, विशिष्ट अळंब्यांच्या साहाय्याने ती आजाऱ्यांवर उपचार करी. त्या रात्री आजारी माणसाचे आप्त भोवती असत. त्याच्या दुखण्याचे कारण काय, हाच सगळ्यांचा प्रश्न असे. 1955 मध्ये वॉसन नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी तो विधी पाहिला आणि 1957 मध्ये तेथील एका मोठ्या साप्ताहिकात लेख लिहिला. मग गावात परदेशी तरुणांची रीघ लागली. कोणी आजारी नव्हते. सर्वांना देव पाहावयाचा होता. गावाचा रोष झाला, मारियाचे घर जाळले गेले. परदेशी आल्यापासून अळंब्यांतील बळ गेले, असे ती म्हातारपणी सांगे. त्या विधीत द्रव्यापेक्षा भोवती बसलेले लोक महत्त्वाचे होते, आणि नेमके तेच पाहुण्यांनी मागे ठेवले, असे आम्हांस वाटते.

तिसरी गोष्ट एका शुभ शुक्रवारची. 20 एप्रिल 1962 रोजी बोस्टन विद्यापीठाच्या मार्श चॅपेलमध्ये वॉल्टर पानके या संशोधकाने ईशज्ञानाच्या 20 विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. दहांना अळंब्यांतील सायलोसायबिन हे द्रव्य दिले, दहांना साधे जीवनसत्त्व. वर उपासना चालली होती, खाली हे विद्यार्थी बसले होते. द्रव्य घेतलेल्यांपैकी बहुतेकांनी संतांच्या लेखनाशी जुळणारे अनुभव सांगितले. हा प्रयोग पुढे फार गाजला. परंतु त्यांतील एक विद्यार्थी ईश्वराने आपल्यास संदेश देण्यास निवडले आहे अशा समजुतीने बाहेर रस्त्यावर गेला आणि त्यास शांत करणारे इंजेक्शन द्यावे लागले, ही बाब मूळ अहवालात नव्हती. ती 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत उघड झाली. तीस वर्षे अनुभवाचा गोड भागच सांगितला गेला. आमच्या प्रार्थनामेळाव्यांतील साक्षींबाबतही कधी कधी असेच होते, हे येथे नमूद केल्याशिवाय राहवत नाही.

पुढे ही द्रव्ये जगभर निषिद्ध झाली, संशोधन थंडावले, आणि 2006 पासून अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या कार्याने पुन्हा वेग आला. ऑस्ट्रेलियाने जुलै 2023 पासून ठरावीक मनोविकारतज्ज्ञांना ठरावीक आजारांत दोन द्रव्ये वापरण्याची मुभा दिली; उलट, त्यांपैकीच एका द्रव्याच्या उपचारास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट 2024 मध्ये मान्यता नाकारली. भारतात एलएसडीचा दहाव्या भागाइतका ग्रॅमही व्यापारी साठा गणला जातो आणि त्याची शिक्षा दहा वर्षांपासून सुरू होते. तरुणांच्या पालकांनी हे ध्यानी ठेवावे.

आम्हांस नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. या सर्व अधिकृत प्रयोगांत द्रव्याचा दिवस एकच असतो, परंतु त्याच्या आधी आणि विशेषतः नंतर बोलण्याच्या बैठका असतात. आणि जेथे द्रव्य निषिद्ध आहे तेथेही, कोणी ते घेऊन घाबरून आला तर त्यास केवळ नंतरची मदत करणारे मानसतज्ज्ञ असतात. ते द्रव्य देत नाहीत, सुचवीतही नाहीत. ते ऐकतात. अनुभव जसा झाला तसा सांगवतात, लिहून काढावयास लावतात. त्याचा अर्थ आपण लावीत नाहीत. खरे काय दिसले आणि भास कोणता, असा निवाडा करीत नाहीत. तेथे दिसलेली एखादी घटना आठवण म्हणून खरी मानण्याची घाईही करू देत नाहीत, कारण अशा अवस्थेत मन न घडलेलेही रंगवते. नोकरी सोडणे, लग्न मोडणे, संन्यास घेणे असे निर्णय काही महिने पुढे ढकलावयास सांगतात. झोप, जेवण, चालणे यांची चौकशी करतात. आणि हळूहळू एकच प्रश्न पुढे आणतात: त्या रात्री जे भेटले त्याचा तुमच्या रोजच्या जगण्याशी संबंध कोणता?

हे वाचताना आमच्या ध्यानी आले की, हे तर आम्ही सेमिनरीतच शिकलो होतो. पांप्लोनाच्या लढाईत पाय मोडलेले इग्नाती लोयोलाकर 1522 मध्ये मानरेसा गावी राहिले. तेथे त्यांना दिवसाढवळ्या हवेत एक रूप दिसे: सापासारखे, अत्यंत सुंदर, डोळ्यांसारख्या असंख्य ठिपक्यांनी चमकणारे. ते पाहून त्यांस फार समाधान वाटे, नाहीसे झाले की वाईट वाटे. पुढे कार्दोनेर नदीकाठी त्यांस मोठा आत्मप्रकाश लाभला. त्यानंतर ते जवळच्या क्रुसापाशी गुडघे टेकून बसले असता तेच रूप पुन्हा दिसले. आता ते तितकेसे सुंदर नव्हते, आणि ते दुष्टाचे आहे हे त्यांनी ओळखले. पुढेही ते दिसे, तेव्हा ते हातातल्या काठीने त्यास हाकलीत. सुंदर ते सर्व देवाचे नव्हे, हे समजावयास त्यांना वेळ लागला. त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथास पोपमहोदयांची मान्यता मिळून तो छापला गेला 1548 मध्ये. एका वर्षाचे अनुभव पचवावयास त्यांनी पंचवीस वर्षे घेतली.

त्या ग्रंथात आत्म्यांची पारख कशी करावी याचे नियम आहेत. त्यांतील एक नियम आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. त्याचा आशय असा: देवाकडून थेट आलेल्या सांत्वनात फसवणूक नसेल, तरीही त्या क्षणात आणि त्याच्या मागून येणाऱ्या काळात भेद करावा. मन अजून उबदार असते, आणि त्या उबेत माणूस आपल्याच कल्पना व बेत देवाचे म्हणून मांडू लागतो. म्हणून दर्शनानंतरच्या दिवसांची तपासणी अधिक कसून करावी. गोव्यातील कागदाच्या तुकड्यास आम्ही मानरेसाच्या शेजारी बसवीत नाही. कृपा मागून मिळते, विकत मिळत नाही, ही आमची श्रद्धा ढळलेली नाही. परंतु दर्शन कोठूनही आले असो, त्यानंतरचे दिवस सर्वांचे सारखेच असतात.

गोव्यातील आपल्या बांधवांना हे फार पूर्वीपासून परिचित असेल. 1960 च्या दशकाच्या अखेरीस हणजूणच्या किनाऱ्यावर हिप्पी उतरले, आणि संत मायकलच्या त्या जुन्या धर्मग्रामाने पौर्णिमेच्या रात्री नाचणारी मुले व दुसऱ्या सकाळी वाळूत एकटी बसलेली मुले, दोन्ही पाहिली. पुढे इस्रायलचे तरुण सक्तीची लष्करी नोकरी संपवून भारतात येऊ लागले, त्यांतील काही जण द्रव्यांच्या अनुभवात हरवले. योआव शामीर या दिग्दर्शकाने 2007 मध्ये त्यांच्यावर अनुबोधपट केला. त्यांच्या देशात केसरियाजवळ समुद्रकाठी अशा मुलांसाठी 'कफार इझुन' नावाचे निवासी उपचारकेंद्र निघाले. नावाचा अर्थ समतोलाचे गाव. तेथे मुले महिनोन्महिने राहतात, औषध घेतात, बोलतात, काम करतात. त्या मुलांच्या भयात केवळ द्रव्य नव्हते, मागे सोडून आलेली सैनिकी चौकीही होती. हे वाचले आणि सास्तूरच्या मुलाच्या तोंडातील माती आम्हांस आठवली.

त्याचा जन्म भूकंपानंतर दहा वर्षांनी झालेला.

पुण्यातील ज्या मानसतज्ज्ञ बाईंकडे वर्गबंधूंनी आम्हांस धाडले त्यांच्या बैठका मार्चपासून सुरू झाल्या. पहिल्या दोन पुण्यात, बाकीच्या मोबाइलवर. घरात रेंज येईना म्हणून मुलगा शेतातल्या बांधावर जाऊन बसे. एकूण अकरा बैठका झाल्या. शुल्क त्यांनी परवडेल इतकेच घेतले. सगळे असे नसतात. समुपदेशक अशी पाटी लावावयास आपल्याकडे कोणी अडवीत नाही, आणि इंग्रजी शब्दांच्या मोठ्या जाहिराती करून चार दिवसांच्या शिबिराचे हजारो रुपये घेणारेही आम्ही पाहिले. पालकांनी शिक्षण व नोंदणी विचारल्याविना मूल कोणाच्या हाती देऊ नये. शासनाची 14416 ही 'टेलि-मानस' सेवा 2022 पासून विनामूल्य आहे, सुरुवात तेथूनही करता येते.

तिसऱ्या की चौथ्या बैठकीत बाईंनी मुलास विचारले, "तुमच्या घरात मातीखाली कोण गेले होते?" मुलाने सांगितले की, भूकंपात काका व आत्या गेले असे ऐकले आहे, पण त्यांची नावे मला ठाऊक नाहीत. घरात फोटो नाही. विचारलेले बाबांना आवडत नाही. बाईंनी अर्थ लावला नाही. एवढेच म्हणाल्या, "घरी कोणास विचारावेसे वाटते का, ते पाहा."

मुलगा तेव्हा अंगणात बाज टाकून झोपत असे, आणि त्याच्या शेजारी दुसऱ्या बाजेवर आजी. जानेवारीच्या थंडीतही ती तशीच झोपली होती, हे आम्हांस पहिल्या भेटीत दिसले होते; आम्ही त्याकडे मायेचे लक्षण म्हणून पाहिले व विसरलो. एप्रिलमधल्या एका रात्री मुलाने तिला आपली सारी हकिकत सांगितली. तोंडातली माती सांगितली. हात धरणारा हात सांगितला. आजी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मला बी तसंच झालतं, लेकरा." आणि तीस वर्षांनी तिने पांढऱ्या लुगड्याची बाई सांगितली, मग दोन्ही लेकरांची नावे सांगितली, कोण खोडकर होता, कोणाला गुळाचा खडा लागे, कोण तिच्या कुशीत निजे.

आम्ही पुढच्या भेटीस गेलो तेव्हा आजीने हे आम्हांस सांगितले. आम्ही म्हणालो, "आजी, तेव्हा तुम्ही मला सांगत होता. मी ऐकले नाही."

"न्हाई ऐकलं," ती म्हणाली. तिच्या स्वरात राग नव्हता, पण तिने ते नाकारलेही नाही. "तुमी बी लहानच व्हता की, फादर. तुमी नाव दिऊन मोकळं झाला. मला नाव नगं व्हतं. मला नुसतं सांगायचं व्हतं."

भूकंपानंतर महिन्याभरात दिल्लीच्या तज्ज्ञांनी येथील 42 जणांची मानसिक तपासणी केली होती. त्यांतील निम्म्याहून अधिक जणांना मनाचा विकार आढळला, असे 1996 मध्ये प्रसिद्ध झाले. घरे बांधून झाली, रस्ते झाले, सास्तूरला 'स्पर्श' रुग्णालय उभे राहिले. ती कामे मोठी आहेत. त्या आकड्यातील माणसांपैकी किती जण अजून अंगणातच झोपत असतील, हा विचार मात्र आमच्या मनातून जात नाही.

मुलाचे सारे सुरळीत झाले असे आम्ही म्हणणार नाही. रंगाच्या शेपट्या सप्टेंबरपर्यंत अधूनमधून दिसत. एक वर्ष वाया गेले. वडील अजूनही त्या विषयावर बोलत नाहीत, आणि आपल्या आईने एवढी वर्षे हे मनात ठेवले याचे त्यांना दुःख आहे की राग, हे आम्हांस कळत नाही. त्या रात्री हात धरणारे कोण होते, हा प्रश्न मुलाने आम्हांस एकदा थेट विचारला. उत्तर जिभेवर आले होते. आम्ही ते गिळले आणि विचारले, "तुला काय वाटते?" तो म्हणाला, "आधी वाटायचं देव. आता वाटतं, ते कोण होतं त्यापेक्षा त्यांनी हात सोडला नाही, हे महत्त्वाचं." मग थोड्या वेळाने, "तसं पुन्हा बघायची इच्छा नाही, फादर. एवढंच अजून पुरतंय." ऑगस्टपासून तो महाविद्यालयात जाऊ लागला.

2 नोव्हेंबर 2024 हा परलोकवासी श्रद्धावंतांचा दिवस, आणि त्याच दिवशी दिवाळीचा पाडवा आला होता. आम्ही संध्याकाळी सास्तूरला त्या घरच्या अंगणात मिस्सा केली. मुलगा सुट्टीवर आला होता. मृतांच्या नावांची चिठ्ठी त्याने आपल्या हाताने लिहून दिली होती. त्या घरातून ती दोन नावे प्रथमच आमच्याकडे आली. आम्ही ती वाचली तेव्हा शेजारच्या गल्लीत फटाके वाजत होते, म्हणून आजीने हात वर करून आम्हांस थांबवले आणि पुन्हा वाचावयास सांगितले. आम्ही पुन्हा वाचली.

रात्री जेवणे झाल्यावर गारठा वाढला. आजीने आपली बाज ओढून ओसरीच्या पत्र्याखाली घेतली. मुलानेही आपली ओढली. निघताना आम्ही पाहिले, तर ती निम्मी पत्र्याखाली आणि निम्मी उघड्यावर होती.